जमिनीत लोखंड पुरण्याआधी
(शेतकरी श्रोत्यांसाठी माहितीपत्रक)



कुंपणाचा जुना लोखंडी अँगल आपण कधीतरी उपटून पाहिला असेल. तो कुठं सडलेला असतो? वरचा भाग, जो उन्हापावसात उभा असतो, तो तांबूस झालेला असला तरी शाबूत असतो. खाली खोल रुतलेलं टोकही पुष्कळदा बरं असतं. पण जमिनीच्या पातळीला आणि तिच्या जरा खाली अँगल असा खाल्लेला असतो की हातानं वाकवला तरी मोडावा. एकच लोखंड, एकाच दिवशी आणलेलं, एकाच दुकानातलं. मग एका जागी सडतं आणि दुसऱ्या जागी टिकतं, हे कसं?

या प्रश्नाचं उत्तर ज्याला समजलं त्याला जमिनीखालचं लोखंड कसं राखावं हेही समजलं. आज शेतावर नवी बांधकामं पुष्कळ होतात. विहिरीवर पंपघर होतं, नदीवरून उपसा योजनेचे नळ येतात, गोठा, कांदाचाळ, पॉलिहाउस उभं राहतं. या प्रत्येक कामात काही ना काही लोखंड मातीखाली जातं. वरचं लोखंड आपल्याला दिसतं, म्हणून आपण त्याला रंग देतो. खालचं दिसत नाही, म्हणून विसरतो. पुढं एखाद्या उन्हाळ्यात, ऊस पाण्याला आलेला असताना, शेताच्या मधोमध ओल फुटते. मग उभ्या पिकातून चर खणावा लागतो, पंप बंद ठेवावा लागतो, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची ती ही अशी. म्हणून या पत्रकात सांगायची गोष्ट एकच आहे: गंजाचा बंदोबस्त चर उघडा असतानाच स्वस्तात होतो. चर बुजल्यावर तोच बंदोबस्त कितीतरी पटींनी महाग पडतो.

गंज म्हणजे एक छोटी बॅटरी

टॉर्चमधला साधा सेल आठवा. बाहेर जस्ताचं डबडं, मधोमध कोळशाची कांडी आणि दोहोंमध्ये ओलसर मसाला. दिवा लावला की वीज वाहते आणि जस्त हळूहळू खाल्लं जातं. सेल फार जुना झाला की डबड्याला भोक पडून मसाला बाहेर येतो, तो यामुळंच. कोळशाची कांडी मात्र तशीच राहते.

जमिनीत पुरलेलं लोखंड नेमकं हेच करतं. तिथं बॅटरी चालू व्हायला चार गोष्टी लागतात. पहिली, खाल्ली जाणारी जागा. दुसरी, वाचणारी जागा. तिसरी, दोहोंमधली ओली माती. चौथी, दोन्ही जागांना जोडणारा धातू. यांतली कोणतीही एक गोष्ट तोडली की बॅटरी बंद पडते आणि गंज थांबतो. पुढचे सगळे उपाय म्हणजे या चारांपैकी एक तोडण्याच्या युक्त्या आहेत.

आता कुंपणाचा अँगल बघा. वरच्या भुसभुशीत मातीत हवा खेळते, खालच्या दबलेल्या मातीत कमी खेळते. ज्या भागाला हवा कमी मिळते तो भाग खाल्ला जातो आणि हवा मिळणारा शेजारचा भाग वाचतो. त्यातून पातळीच्या जरा खालची जागा अशी की तिथं ओलही भरपूर आणि हवेचा शेजारही जवळ. म्हणून घाला तिथंच पडतो.

या बॅटरीला वीज किती लागते? फारच थोडी. एक अँपिअर वीज वर्षभर मातीत वाहिली तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. पण नळ निकामी व्हायला ९ किलो कशाला जायला हवं? १०० मिलिमीटरच्या मध्यम जाडीच्या पाइपाची भिंत साधारण ४.५ मिलिमीटर असते. तिला करंगळीएवढं भोक पडायला तीनेक ग्रॅम लोखंड गेलं तरी पुरे. त्याला टॉर्चच्या जुन्या बल्बला लागणाऱ्या विजेचा हजारावा भाग वर्षभर वाहिला तरी चालतो. सगळा पाइप चांगला, आणि एका भोकापायी सगळी योजना बंद, असं होतं ते यामुळं.

लोखंड लवकर कुठं सडतं?

१) दोन प्रकारच्या मातीत. पाइप अर्धा मुरमातून आणि अर्धा काळ्या जमिनीतून गेला, तर काळ्या जमिनीतला भाग आधी जातो. काळी माती ओल धरते, तिच्यात हवा कमी आणि क्षार जास्त.

२) पाइपाच्या पोटाला. चराच्या तळाची माती न हललेली आणि ओली असते. वरचा भराव सैल असतो, त्यात हवा असते. म्हणून भोकं पुष्कळदा पाठीला न पडता पोटाला पडतात. वरून उकरून पाइप चांगला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये.

३) खारवट, चोपण आणि पाणथळ जमिनीत. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात जादा पाण्यानं खारवटलेल्या ऊसजमिनी, विदर्भातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आणि कोकणातली खाजणं इथं लोखंडाचं आयुष्य कमीच धरावं. चर खणताना काळपट चिखल निघाला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथं हवेशिवाय जगणारे जंतू आहेत असं समजावं. हे जंतूही लोखंडाचा नाश लवकर घडवतात.

४) राखेत आणि खतात. बॉयलरची राख किंवा कोळशाची खर फुकट मिळते म्हणून चरात टाकू नका. सेलमधली कोळशाची कांडी आठवा. ती वाचते आणि शेजारचा धातू खाल्ला जातो. उकिरडा, गोठ्याचं गटार, शेणखताचा किंवा मळीचा खड्डा यांच्याखालून लोखंडी पाइप नेऊ नका.

५) नवं लोखंड जुन्याला जोडलं तिथं. हे पुष्कळांना खरं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून उपसा योजना केली आणि पंधरा वर्षांनी नळाचा मधला तुकडा गळू लागला. सभासदांनी वर्गणी काढून तेवढाच तुकडा नवा बसवला. चार-पाच वर्षांत नेमका तोच नवा तुकडा पुन्हा फुटला, शेजारचा जुना नळ मात्र अजून चालू. मग बैठकीत आरोप होतात: दुकानदारानं हलका माल दिला, फिटरनं पैसे खाल्ले. चोर सोडून संन्याशाला फाशी! खरा प्रकार असा, की जुन्या नळावर गंजाचा थर बसलेला असतो, नवा नळ उघडा आणि स्वच्छ असतो. दोघे जोडले गेले की नवा नळ सेलमधल्या जस्तासारखा खाल्ला जातो आणि जुना वाचतो. नवा तुकडा बसवताना त्याला चांगला लेप द्यावा आणि दोन्ही टोकांना वीजरोधक सांधा घालावा, म्हणजे हा तंटा मिटतो.

६) तांबं किंवा काँक्रीटमधल्या सळया लोखंडाला जोडल्या गेल्या तिथं. तांब्याच्या शेजारी लोखंड खाल्लं जातं. काँक्रीटमधली सळईसुद्धा चुन्याच्या गुणानं सुरक्षित राहते आणि तिला जोडलेला मातीतला पाइप आपला बळी देतो. पाइप पंपघराच्या पायातून जातो आणि सळईला टेकतो, तिथंच हा घोटाळा सुरू होतो.

पहिलं काम: खोलीवरच्या मातीची तपासणी

माती तपासून खताची मात्रा ठरवणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकाही मिळते. तिच्यात सामू आणि विद्युत वाहकता दिलेली असते. वाहकता जास्त म्हणजे मातीत क्षार जास्त. अशी माती पिकाला जशी वाईट तशीच लोखंडालाही वाईट, कारण तिच्यातून वीज सहज वाहते.

मात्र इथं एक फरक लक्षात ठेवावा. पिकासाठी नमुना वरच्या वीतभर थरातून घेतात. आपला पाइप जाणार असतो एक मीटर खाली. तेव्हा नमुना त्या खोलीवरून घ्या. मातीचा रंग बदलेल तिथं, ओढ्याकाठी आणि शेताच्या सखल कोपऱ्यात वेगळा नमुना घ्या. पिशवीवर ठिकाण आणि खोली लिहा. प्रयोगशाळेला सामू, वाहकता, क्लोराइड आणि सल्फेट तपासायला सांगा.

काम मोठं असेल तर जागेवरच मातीचा विद्युतरोध मोजून घ्यावा. ज्या वीज ठेकेदाराकडे चार टोकांचा अर्थ टेस्टर असतो तो हे करू शकतो. चार खुंट्या सरळ रेषेत सारख्या अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात आणि आतल्या दोहोंत दाब मोजतात. ही रीत अमेरिकेतील फ्रँक वेनर यांनी १९१५ च्या सुमारास मांडली, ती आजही चालते. हिशेब सोपा आहे: खुंट्यांमधलं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ६.२८ नं गुणा आणि यंत्रावरच्या आकड्यानं पुन्हा गुणा. अंतर दीड मीटर आणि आकडा १ ओहम आला तर ९.४ ओहम-मीटर. याचा अर्थ साधारण असा लावतात:

१० ओहम-मीटरच्या आत: फार गंजवणारी जमीन.
१० ते ५०: गंजवणारी.
५० ते १००: मध्यम.
१०० च्या वर: सौम्य.

मोजणी कोरड्या उन्हाळ्यात केली तर आकडा फसवा येतो. जमीन ओली असताना मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरून योजना आखा. लोखंडाला बाराही महिने तिथंच राहायचं आहे.

दुसरं काम: इथं लोखंड हवंच का?

सर्वांत चांगला उपाय म्हणजे लोखंड पुरायचंच नाही. शेतातल्या पोटवाहिन्यांना पी.व्ही.सी. किंवा एच.डी.पी.ई. नळ चालतात आणि ते गंजत नाहीत. मात्र पंपाजवळचा जास्त दाबाचा भाग, ओढा किंवा रस्ता ओलांडायची जागा आणि व्हॉल्व्ह इथं लोखंड बहुधा लागतंच. तेवढ्याच जागी ते वापरावं आणि तिथं पैशाची काटकसर करू नये. बाकी सगळा नळ प्लॅस्टिकचा आणि मधले दोन बेंड उघड्या लोखंडाचे, असं केलं तर फुटणार ते बेंडच. नट-बोल्टही विसरू नका. फ्लँज शाबूत आणि बोल्ट सडलेले, असंही होतं.

जी.आय. पाइपाबद्दल पुष्कळजण विचारतात, “त्याला तर जस्ताचा मुलामा असतो, मग कशाला काळजी?” मुलामा उपयोगी आहे यात शंका नाही. जस्त स्वतः खाल्लं जातं आणि लोखंडाला वाचवतं. पण तो थर केसाइतका पातळ. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत तो बरीच वर्षं काढतो, खारवट ओल्या जमिनीत लवकर संपतो. आटे पाडलेल्या जागी तर तो उरतच नाही. तेव्हा वाईट जमिनीत जी.आय. पाइपालाही वरून लेप हवाच.

तिसरं काम: कागदावर आखणी

कुदळ मारण्याआधी एक साधा नकाशा काढा. त्यावर विहीर, पंपघर, नळाची वाट, अर्थिंगचा खड्डा, जुने नळ, विजेच्या केबल, उकिरडा आणि पाणी साचणारी जागा दाखवा. मग पुढील गोष्टी ठरवा.

- खारवट किंवा पाणथळ तुकडा वळसा घालून टाळता येईल का? थोडा पाइप जास्त लागला तरी परवडतो.
- पाइप भिंतीतून जाईल तिथं मोठ्या व्यासाच्या प्लॅस्टिक नळीची बाही ठेवा, म्हणजे पाइप सळईला टेकणार नाही. फट लवचीक मसाल्यानं भरा.
- पंपाकडून पाइप जमिनीत शिरतो तिथं वीजरोधक फ्लँज बसवा. यात फक्त रबरी चकती घालून भागत नाही. प्रत्येक बोल्टला वीजरोधक नळी आणि दोन्ही बाजूंना तसेच वॉशर लागतात, नाहीतर बोल्टमधूनच दोन्ही बाजू जोडल्या जातात.
- शिवारातून गॅसची किंवा तेलाची मोठी वाहिनी गेली असेल, तर तिच्यावर बहुधा विजेनं गंजरोधनाची व्यवस्था असते. ठराविक अंतरावर दिसणाऱ्या छोट्या खांबांपैकी काही त्याच्याच तपासणीचे असतात. आपला लोखंडी नळ तिच्याजवळून न्यायचा असेल तर वाहिनीच्या कार्यालयाला आधी कळवा. त्यांची वीज आपल्या नळात शिरून भलत्याच जागी बाहेर पडली, तर तिथं आपला नळ खाल्ला जातो.

अर्थिंगला हात लावू नका

वर तांब्याची गोष्ट वाचून कुणी पंपाचं अर्थिंग काढून टाकू नये. असं करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मोटर, स्टार्टर आणि पंप यांना चांगलं अर्थिंग हवंच हवं. आपल्याला तोडायची आहे ती अर्थिंग आणि मातीतला पाइप यांची जोडणी, आणि ते काम वीजरोधक फ्लँज करतो. अर्थिंग पंपाच्या बाजूला राहतं, पुरलेला पाइप पलीकडे राहतो. लोखंडी पाइपाजवळ तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी इलेक्ट्रोड चालेल का, हे परवानाधारक वीज ठेकेदाराला विचारावं. आणि पाण्याच्या पाइपालाच अर्थिंग म्हणून तार बांधायची सवय मोडावी. त्यात माणसालाही धोका आणि पाइपालाही.

चौथं काम: लेप

लेपाचं काम म्हणजे लोखंड आणि ओली माती यांची भेट होऊ न देणं. भारतीय मानक आय. एस. १०२२१ मध्ये जमिनीखालच्या लोखंडी नळांना लेप देण्याची आणि पट्टी गुंडाळण्याची रीत दिली आहे. ठेकेदाराशी करार करताना या मानकाचा उल्लेख लेखी करावा.

लेप टिकतो तो खालच्या तयारीवर. तेल, माती, सैल गंज आणि गिरणीचा निळसर पापुद्रा पुरता काढून लोखंड कोरडं झाल्यावरच प्रायमर लावावा. सकाळी दव असताना किंवा पावसाळी हवेत हे काम करू नये. नंतर कोलटारची किंवा पॉलिथिनची पट्टी ताणून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर चढवत, सुरकुती न पाडता गुंडाळावी. डांबराचा एक हात फिरवला म्हणजे लेप झाला, असं मानू नये.

इथं एक धोक्याची सूचना. लेप अर्धवट असेल आणि पाइप तांब्याला किंवा सळईला जोडलेला असेल, तर लेप नसण्यापेक्षाही भोक लवकर पडू शकतं. कारण सगळी वीज त्या एका ओरखड्यातून बाहेर पडते. म्हणून ओरखडे शोधणं हे लेप देण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. मोठ्या कामावर त्यासाठी ठिणगी पाडून तपासणारं यंत्र मागवावं. लहान कामावर निदान भर उन्हात पाइप फिरवून सगळ्या बाजूंनी डोळ्यांखालून घालावा आणि शंकेची जागा पुन्हा गुंडाळावी.

पाइप चरात सोडताना साखळी किंवा तारेचा दोर वापरू नये, रुंद पट्टे वापरावेत. वेल्डिंगचे सांधे पाण्याच्या दाबाची चाचणी होईपर्यंत उघडे ठेवावेत, म्हणजे गळती दिसते. चाचणी होताच ते सांधे त्याच पद्धतीनं गुंडाळावेत. “उद्या करू” म्हणून राहिलेला सांधा भरावाखाली जातो आणि दहा वर्षांनी वर येतो, तो गळती होऊनच.

पाचवं काम: चर आणि भराव

पाइपावर साधारण मीटरभर माती येईल एवढा चर खोल असावा, म्हणजे नांगर आणि ट्रॅक्टरचा फाळ पोचत नाही. तळातले दगड काढून १५ सेंटिमीटर वाळूचा किंवा चाळलेल्या मऊ मातीचा थर द्यावा. पाइपाच्या दोन्ही बगलांना आणि वरही तेवढाच थर द्यावा, मगच खणलेली माती लोटावी. काळ्या जमिनीत हे फार महत्त्वाचं आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि प्रत्येक वेळी लेपाला ओढते. मधला थर हा ताण सोसतो. वाळू खाडीची किंवा खारी नसावी. चरात पाणी साचत असेल तर आधी निचऱ्याची वाट काढावी. ढेकळं, खडी, विटांचे तुकडे, काचा, वेल्डिंगच्या कांड्या यांतलं काही चरात राहू देऊ नये.

सहावं काम: बळी जाणारा धातू

लेप कितीही चांगला दिला तरी कुठंतरी सुईएवढी जागा उघडी राहतेच. तिच्यासाठी शेवटचा उपाय म्हणजे लोखंडाऐवजी दुसरा बळी देणं. लोखंडाहून लवकर खाल्ला जाणारा धातू, म्हणजे जस्त किंवा मॅग्नेशियम, पाइपाला तारेनं जोडून शेजारी पुरतात. मग बॅटरीत तो धातू झिजतो आणि पाइप वाचतो. ही कल्पना जुनी आहे. १८२४ साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजाच्या बुडाचा तांब्याचा पत्रा त्याला जस्त आणि लोखंड जोडून वाचवून दाखवला होता.

लेप आणि बळी यांची जोडी कशी जमते ते एका हिशेबानं पाहू. १०० मिलिमीटरचा पाइप ३०० मीटर पुरला तर त्याची बाहेरची बाजू सुमारे १०७ चौरस मीटर भरते. पाइप उघडा असेल आणि चौरस मीटरला २० मिलिअँपिअर वीज धरली, तर २ अँपिअरहून जास्त वीज लागेल आणि वर्षाला सुमारे १७ किलो मॅग्नेशियम संपेल. हे कुणालाच परवडणारं नाही. तोच पाइप नीट गुंडाळला आणि चौरस मीटरला अर्धा मिलिअँपिअर धरला, तर वर्षाला अर्धा किलोसुद्धा लागत नाही. म्हणजे आधी लेप, मग बळी. लेपाला फाटा देऊन बळीवर भिस्त ठेवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मॅग्नेशियमच्या कांडीभोवती बहुधा ७५ टक्के जिप्सम, २० टक्के बेंटोनाइट माती आणि ५ टक्के सोडियम सल्फेट असं मिश्रण कापडी पिशवीत भरलेलं असतं. चोपण जमीन सुधारायला आपण वापरतो तेच हे जिप्सम. ते कांडीभोवती ओल धरून ठेवतं. पुरताना वरचं प्लॅस्टिक काढावं, कापडी पिशवी तशीच ठेवावी, पाइपापासून दीड ते तीन मीटरवर ओलीच्या खोलीत पुरावी आणि वर भरपूर पाणी ओतावं. फार खारवट जमिनीत, जिथं रोध १० ते १५ ओहम-मीटरच्या आत असतो, तिथं जस्ताच्या कांड्याही चालतात. नळाला रबरी कड्याचे सांधे असतील तर एका पाइपातली वीज पुढच्यात जात नाही. तिथं प्रत्येक सांध्यावर जोडतार लागते. कांड्या किती आणि कुठं, हे जाणकाराकडून आय. एस. ८०६२ या मानकाप्रमाणे ठरवून घ्यावं. दोन-चार पाइपांच्या घरगुती कामाला लेप आणि वीजरोधक सांधा एवढं बहुधा पुरतं. सामाईक उपसा योजनेच्या लोखंडी नळाला मात्र ही व्यवस्था सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरावी.

गोठा, कांदाचाळ, पॉलिहाउस

खांब थेट मातीत रोवू नका. काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर वीतभर आणा, माथ्याला उतार द्या आणि त्यावर तळपट्टीनं खांब बसवा. असं केलं म्हणजे सर्वांत घातक जागा, जमिनीची पातळी, लोखंडाला लागतच नाही. गोठ्यात मूत्र आणि पॉलिहाउसमध्ये खताचं पाणी खांबाच्या बुडाशी साचू देऊ नका. खांब रोवावाच लागला तर पातळीच्या वर आणि खाली एकेक फूट पट्टी गुंडाळा.

काम झाल्यावर: वही आणि वार्षिक तपासणी

चर बुजण्याआधी पाइपाला एक तार जोडून ती छोट्या खांबापर्यंत वर आणून ठेवावी. बळीच्या कांडीची तारही त्याच खांबात आणावी. हा तपासणीचा खांब. तपासणीला लागतो साधा मल्टिमीटर आणि एक छोटं साधन: प्लॅस्टिकच्या नळीत मोरचुदाचं संपृक्त द्रावण, त्यात तांब्याची कांडी आणि खाली सच्छिद्र बूच. मोरचूद तेच, बोर्डो मिश्रणाचं. मीटरची एक तार खांबातल्या पाइपाच्या तारेला आणि दुसरी या साधनाला लावून साधन ओल्या मातीवर टेकवायचं. उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणा आकडा आला तर पाइप सुरक्षित. हा आकडा अमेरिकेत रॉबर्ट कुह्न यांनी १९२८ साली न्यू ऑर्लिन्समधील वायुवाहिन्यांच्या अनुभवावरून सांगितला. आकडा उणे ०.५ किंवा ०.६ कडे सरकत गेला तर कुठंतरी लेप फाटला आहे, तार तुटली आहे किंवा कांडी संपली आहे, असं समजावं. सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या जमिनीत उणे ०.९५ गाठावं.

दरवर्षी एका ठराविक काळात, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ही मोजणी करून वहीत तारखेसह लिहावी. त्याच वहीत नकाशा, मातीचे आकडे, लेपाचा प्रकार, सांध्यांच्या जागा आणि चर बुजण्याआधी काढलेले फोटो ठेवावेत. योजना सामाईक असेल तर वही अध्यक्षाच्या घरी न ठेवता योजनेच्या दप्तरात ठेवावी. अध्यक्ष बदलतो, पाइप तिथंच असतो.

थोडक्यात उजळणी

१) पाइपाच्या खोलीवरची माती तपासा, तीही ओली असताना.
२) जिथं लोखंडाशिवाय भागेल तिथं ते पुरू नका.
३) तांबं, सळई आणि जुना पाइप यांच्यापासून नवा पाइप तोडा. अर्थिंग मात्र कायम ठेवा.
४) लेप स्वच्छ, कोरड्या लोखंडावर द्या. सांधे चाचणीनंतर लगेच गुंडाळा.
५) भोवती मऊ भराव घाला. राख, खर आणि दगड चरात नकोत.
६) मोठ्या कामाला बळीचा धातू आणि तपासणीचा खांब ठेवा.
७) वर्षातून एकदा मोजा आणि लिहून ठेवा.

बंधु-भगिनींनो, बियाणं पेरण्याआधी आपण बीजप्रक्रिया करतो, कारण एकदा दाणा मातीआड गेला की हातात काही राहत नाही. लोखंडाचंही तसंच आहे. या हंगामानंतर आपल्या शेतावर नवं बांधकाम होणार असेल, तर हे पत्रक गवंड्याला, फिटरला आणि वीज ठेकेदाराला एकत्र बसवून वाचून दाखवा. तिघांची कामं वेगवेगळी असतात, पण मातीखाली ती एकमेकांना भेटतात.